आधी अंतर मोजा!

गेल्या कोजागिरीची गोष्ट. धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवर नेहमीप्रमाणे मंडळी जमली होती. दूध शेगडीवर होते, चारोळ्या कोणी पळवल्या यावरून मुलांची भांडणे चालली होती, आणि मोठी माणसे, मोठ्या माणसांच्या रिवाजाप्रमाणे, हजर नसलेल्या लोकांविषयी बोलत होती. हजर असूनही जिच्याविषयी बोलणे चालले होते अशी एकच व्यक्ती त्या गच्चीवर होती. शेजारच्या घरातली मुलगी. एम. एस्सी. झालेली, शिकवणारी, बोलायला मोकळी. दसऱ्याला तिची सुपारी फुटायची होती. मुलगा पसंत, मुलगी पसंत, घरे एकमेकांच्या ओळखीची. देण्याघेण्याचा तर प्रश्नच निघाला नव्हता. मग कोणीतरी पत्रिका काढली. मुलीचे जन्मनक्षत्र ज्येष्ठा निघाले, आणि मुलाला थोरला भाऊ आहे. ज्येष्ठेवर जन्मलेली सून भासऱ्याला वाईट, असे म्हणतात. झाले! सुपारी फुटण्याआधी सोयरीक फुटली.

दूध वाटता वाटता ती मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काकाजी, ही ज्येष्ठा इथून किती दूर आहे हो?"

मी म्हणालो, "सुमारे साडेपाचशे प्रकाशवर्षे."

हे आमच्या एका स्नेह्यांनी ऐकले. वकिलीत हयात घालवलेला माणूस. समोरच्या साक्षीदाराला आडवे पाडण्याची सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. ते म्हणाले, "अहो, तुमच्या त्या शास्त्रज्ञांचे काय सांगता! विश्व किती वेगाने पसरते आहे, हे एक म्हणतो सदुसष्ट, दुसरा म्हणतो सत्तर, तिसरा म्हणतो त्र्याहत्तर. कालच वाचले पेपरात. त्यांचेच एकमत नाही, आणि तुम्ही आम्हाला ज्येष्ठेची अंतरे सांगता होय? तिथे जाऊन टेप कोणी लावली होती?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण त्याच क्षणी दूध उतू गेले. उत्तर सुचले ते रात्री दोन वाजता, अंथरुणात. ज्याला उत्तर वेळेवर सुचत नाही त्याने लेख लिहावा, या न्यायाने हा प्रपंच.

"शास्त्रज्ञांचेच एकमत नाही!" या वाक्याला आपल्याकडे हल्ली ब्रह्मवाक्याचा मान आहे. औषध घ्यायचे नसले की हे वाक्य काढावे, झाडे तोडायची असली की हे वाक्य काढावे, आणि एखाद्या निरपराध मुलीला नाकारायचे असले तरी हेच काढावे. या लेखात मला एवढेच दाखवायचे आहे की या वाक्यात शास्त्राची जी नालस्ती म्हणून सांगितली जाते, ती शास्त्राची अब्रू आहे; आणि वादात ज्यांच्या मापाला नावे ठेवली गेली ते दूरचे तांबडे तारे आपल्या घरातल्या पुष्कळ साक्षीदारांपेक्षा खरे बोलतात.

'तिथे जाऊन टेप कोणी लावली?' हा प्रश्न नागपूरच्या माणसाने विचारावा, याचे मला विशेष वाईट वाटते. आपले गाव मोजणीच्या दगडावर मिरवणारे गाव आहे. सीताबर्डीहून चार पावलांवर शून्य मैलाचा दगड उभा आहे. शेजारी वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे. १९०७ सालचे हे काम, भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी नाते सांगणारे. त्या दगडावरून आपण 'नागपूर म्हणजे भारताचा मध्यबिंदू' अशी बढाई पाहुण्यांना ऐकवतो. दगड आणि खांब बिचारे समुद्रसपाटीपासूनची उंची आणि हैदराबाद, जबलपूर, रायपूर, छिंदवाडा अशा गावांची अंतरे यांपलीकडे काही बोलत नाहीत. जे मोजले तेवढे दगडाने सांगितले. उरलेले आपण जोडले.

या सर्वेक्षणाचा जनक विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ पोलादी साखळीने साडेसात मैलांची एक रेषा मोजली. साखळी लावली ती तेवढीच. पुढे त्या रेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहून कोन मोजायचे, त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन हाती आले की उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या, आणि नव्या बाजूवर पुन्हा नवा त्रिकोण उभा करायचा. असे त्रिकोणावर त्रिकोण रचत तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ साली नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला त्याला मरण आले आणि तेथेच त्याला मूठमाती मिळाली. हिंगणघाटची कापसाची बाजारपेठ आपल्याला ठाऊक असते; त्या मातीत अर्धा हिंदुस्थान मोजून आलेला एक म्हातारा झोपला आहे, हे ठाऊक नसते.

त्याच त्रिकोणांच्या साखळीने पुढे हिमालयाचे सर्वोच्च शिखर मोजले गेले. माणसाचे पाऊल त्या शिखरावर पडण्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, १८५६ साली, त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. १९५५ साली भारतीय सर्वेक्षकांनी ती २९,०२८ फूट, म्हणजे ८,८४८ मीटर ठरवली, आणि २०२० साली ८,८४८.८६ मीटर हा आकडा आला. तीन मोजण्या, तीन आकडे. आमच्या वकीलसाहेबांच्या तर्कशास्त्राने पाहिले तर एव्हरेस्ट नावाचे शिखर अस्तित्वातच नसावे!

आकाशातली मोजणी याच रीतीने सुरू होते. तर्जनी नाकासमोर धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. ते किती सरकले आणि दोन डोळ्यांत अंतर किती, हे कळले की बोट किती दूर ते काढता येते. तारे मोजताना डोळ्यांमधले अंतर पुरत नाही, म्हणून पृथ्वी सूर्याभोवती फिरताना सहा महिन्यांत जी तीस कोटी किलोमीटरची मजल मारते, तिची दोन टोके हेच दोन डोळे समजायचे. या सरकण्याला पराशय म्हणतात. बेसेल याने १८३८ साली हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचे अंतर या रीतीने काढले. पुढे दुर्बिणी उपग्रहांवर चढल्या आणि मोजणी बारीक झाली. आपली स्वाती ३७ प्रकाशवर्षांवर, रोहिणी ६५ वर, आणि ज्येष्ठा सुमारे साडेपाचशेवर. स्वाती आणि रोहिणी हे दोन्ही तांबूस तारे फुगलेले, म्हातारपणाकडे झुकलेले. शास्त्राच्या भाषेत 'तांबडे राक्षसी तारे'. ज्येष्ठा त्यांच्याही वरची, महाराक्षसी.

पण देवयानीसारखी दीर्घिका पराशयाच्या कह्यात येत नाही. ती इतकी दूर आहे की तिचे सरकणे दिसतच नाही. मग तिचे अंतर काढायचे कसे? यासाठी या घटकेला प्रत्येक घरात एक साधन तयार आहे: पणती.

सारख्या तेलाच्या, सारख्या वातीच्या दोन पणत्या घ्या. एक जवळ ठेवा, दुसरी दुप्पट अंतरावर ठेवा. दुसरीचा उजेड तुमच्या डोळ्यांपर्यंत निम्मा नाही, चौथा हिस्सा पोचतो. तिप्पट अंतरावर नेली तर नववा हिस्सा. आता उलट जा. पणती मुळात किती उजेडाची हे नक्की माहीत असेल आणि इथून ती किती मंद दिसते हे मोजता येत असेल, तर ती किती दूर आहे हे घरबसल्या सांगता येते. सगळी गोम 'मुळात किती उजेडाची' यात आहे. कारण आकाशात मंद दिसणारा दिवा दूरचा मोठा आहे की जवळचा मिणमिणता आहे, हे वरवर पाहून कळत नाही. म्हणून ज्याचा मूळ उजेड ठरलेला आहे असा दिवा हुडकावा लागतो. अशा दिव्याला प्रमाणदीप म्हणावे.

हार्वर्डच्या वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी १९१२ साली असा एक प्रमाणदीप दाखवला. वृषपर्वा समूहातल्या एका ताऱ्यावरून ज्यांना सेफीड हे नाव पडले ते रूपविकारी तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात, आणि ज्याचा फेरा लांब त्याचा मूळ उजेड जास्त. याच ताऱ्यांच्या आधाराने एडविन हबल याने १९२०च्या दशकात देवयानीचे अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे काढले, आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे सिद्ध केले. पण त्या दिव्यांच्या मूळ उजेडाचा हिशेब चुकला होता. १९२९च्या हबलच्या आकड्यांवरून विश्वाचे वय सुमारे दोनशे कोटी वर्षे निघे, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून म्हातारे निघू लागले. नातू आजोबांपेक्षा वडील ठरला! मोजणीत कोठेतरी घोटाळा होता. तो उघड करण्याच्या कामी आले ते हे तांबडे राक्षस.

वॉल्टर बाडे हा जर्मन ज्योतिर्विद अमेरिकेत माउंट विल्सनच्या वेधशाळेत होता. महायुद्ध पेटले. शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला युद्धकार्यात घेतले नाही, आणि शंभर इंची दुर्बीण मात्र त्याच्या हाती राहिली. लॉस एंजेलिस शहरात युद्धामुळे दिवे मालवलेले, त्यामुळे आकाश काळेभोर. त्या अंधारात, तांबड्या उजेडाला संवेदनशील अशा काचांवर, त्याला देवयानीच्या गाभ्यातले आणि तिच्या दोन सोबती दीर्घिकांतले तांबडे राक्षसी तारे एकेक करून वेगळे दिसले. १९४४ साली त्याने हे प्रसिद्ध केले. पुढे पालोमारची दोनशे इंची दुर्बीण आली. देवयानी नऊ-दहा लाख प्रकाशवर्षांवरच असेल तर या दुर्बिणीतून एका विशिष्ट जातीचे रूपविकारी तारे दिसायला हवे होते. ते दिसेनात. जिथे ते दिसायचे त्या मंदपणाच्या पातळीवर दिसू लागले ते त्यांच्याहून कितीतरी तेजस्वी असलेले तांबडे राक्षस. अर्थ उघड होता: देवयानी मानली होती त्यापेक्षा फार दूर आहे. १९५२ साली रोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बाडेने हे सांगितले, आणि दीर्घिकांमधली अंतरे एका दमात दुप्पट झाली. आज देवयानीचे अंतर सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षे धरतात.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. विश्वाचे माप निम्म्याने चुकले होते, आणि ते चुकले आहे हे कोणी सांगितले? कोणा विरोधकाने नाही, कोणा धर्मसभेने नाही. त्याच धंद्यातल्या, हबलच्याच वेधशाळेतल्या एका माणसाने, भर सभेत सांगितले. आपल्या माहितीतल्या किती ज्योतिषांनी आपल्याच पंथाच्या सभेत उठून 'आपली सगळी मापे निम्म्याने चुकली' असे म्हटले आहे?

आता हा राक्षस मापारी म्हणून का चालतो ते पाहू. सूर्यासारख्या ताऱ्याच्या पोटात हायड्रोजन जळून हीलियम होते. हायड्रोजन संपत आला की ही हीलियमची राख गाभ्यात साठत जाते. गाभा आकसतो, त्याच्याभोवतीच्या थरात हायड्रोजन अधिक जोराने जळू लागतो, आणि बाहेरचे अंग फुगून थंड होते, म्हणून तांबडे दिसते. १९५५ साली फ्रेड हॉइल आणि मार्टिन श्वार्त्सशिल्ड यांनी हा सगळा प्रवास गणिताने उलगडून दाखवला. हे हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. गाभ्यात राख साठता साठता तिचे वस्तुमान सूर्याच्या जवळजवळ निम्मे झाले आणि तापमान दहा कोटी अंशांवर गेले की हीलियम एकाएकी पेट घेते. त्यानंतर तारा पुन्हा आकसतो आणि त्याचा बाहेरचा उजेड उतरतो.

कुकरमध्ये वरण असो की भात, थोडे असो की भरपूर, शिट्टी व्हायची ती ठरलेल्या दाबालाच. तसेच इथे. तारा सूर्याएवढा असो की थोडा लहानमोठा, भडका उडण्याच्या वेळी गाभ्याचे वस्तुमान जवळजवळ सारखेच असते, म्हणून त्या शेवटच्या घटकेचा उजेडही जवळजवळ सारखाच: सूर्याच्या दोन हजार पटींहून थोडा अधिक. एखाद्या दीर्घिकेच्या बाहेरच्या अंगणातले म्हातारे तारे घ्यावेत, त्यांची उजेडाप्रमाणे मोजदाद करावी. उजेड वाढत जातो तसे तारे कमी होत जातात आणि एका ठिकाणी रांग एकदम तुटते. ती तुटलेली कडा म्हणजे प्रमाणदीप. १९९०च्या दशकापासून वेंडी फ्रीडमन, बॅरी मॅडोर, म्युंग ग्यून ली आदींनी या कडेचे शास्त्र पक्के केले.

मापाऱ्याचे माप मात्र आधी तपासून घ्यावे लागते. त्यासाठी मोठ्या मॅगेलनी मेघातल्या तांबड्या राक्षसांच्याच वीस जोड्या उपयोगी पडल्या. हे जोडीदार एकमेकांना ग्रहण लावतात. त्यावरून त्यांचे आकार काढून २०१९ साली त्या मेघाचे अंतर सुमारे एक लाख बासष्ट हजार प्रकाशवर्षे ठरले, आणि चूक टक्क्याच्या आसपास. दुसरा आधार श्यामशबल समूहातल्या एका दीर्घिकेचा. तिच्या मध्यावरच्या कृष्णविवराभोवती पाण्याच्या वाफेचे ढग फिरतात. त्यांच्या रेडिओलहरी मोजून निव्वळ भूमितीने तिचे अंतर सुमारे अडीच कोटी प्रकाशवर्षे निघते. लॅम्बटनची साखळी म्हणतात ती ही. त्रिकोणावर त्रिकोण.

या मापाऱ्याने दूरच्या दीर्घिका मोजून विश्वाच्या प्रसरणाचा वेग २०१९ साली ६९.८ काढला, म्हणजे दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांच्या अंतरामागे सेकंदाला ६९.८ किलोमीटर. सेफीड ताऱ्यांवर भिस्त ठेवणारा ॲडम रीस यांचा गट ७३ म्हणतो. विश्वाच्या बाळपणीच्या अवशिष्ट प्रारणावरून प्लँक उपग्रहाने काढलेला आकडा ६७.४. आणि तांबड्या राक्षसांचीच कडा वापरून दुसऱ्या काहींना ७१ ते ७३ मिळाले आहेत. हे भांडण खरे आहे. ते आजही मिटलेले नाही. वकीलसाहेबांनी पेपरात वाचले ते खोटे नव्हते.

पण आता धनत्रयोदशीला इतवारीच्या सराफ्यात चला. एका काट्यावर दागिना सदुसष्ट ग्रॅम भरला, दुसऱ्या काट्यावर त्र्याहत्तर. तुम्ही काय कराल? सोन्याला वजनच नसते, असे म्हणाल? की काट्याला हातही न लावता, नुसते दागिन्याकडे पाहून वजन सांगणाऱ्याकडे जाल, कारण त्याचे स्वतःशी नेहमीच एकमत असते? शहाणा माणूस तिसऱ्या काट्यावर जाईल, वजने तपासायला लावील, काट्याखाली बोट कोणाचे आहे ते पाहील. शास्त्रज्ञ नेमके हेच करीत आहेत. तांबडा राक्षस हा तो तिसरा काटा. आणि हेही ध्यानात घ्या की १९२९ साली हा आकडा पाचशेच्या घरात होता. १९७०-८०च्या दशकांत एक पक्ष ५० म्हणे आणि दुसरा १००. आज भांडण ६७ आणि ७३ यांच्यात आहे. भांडता भांडता दोन्ही पक्ष सत्याकडे सरकले. न भांडणारे जिथे होते तिथेच आहेत.

मतभेदाचे भय वाटणाऱ्यांनी नारळीकरांचेच उदाहरण घ्यावे. महास्फोटाचा सिद्धान्त बहुतेक जगाने मानला. त्यांनी तो जन्मभर मानला नाही, आणि आपली शंका गणित मांडून छापली. तरीही पुण्याची आयुका १९८८ साली उभी राहिली ती त्यांच्याच हातून, आणि तिथे महास्फोट मानणारे संशोधक सुखाने काम करीत राहिले. विरोध करायचा तर आकडे घेऊन करायचा, एवढीच तिथे अट.

हीच अट पत्रिकेला लावून पाहू. नारळीकरांनी आणि नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांना एक साधी परीक्षा दिली होती. तिचा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका मांडल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका. कोणती हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची, एवढेच सांगायचे. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी बरोबर उत्तरे शेकडा ४६. नाणे उडवले असते तर पन्नास आली असती!

राहिली ज्येष्ठा. चंद्र ज्येष्ठेत होता म्हणजे काय होते? चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. त्याचा उजेड सव्वा सेकंदात येथे पोचतो. ज्येष्ठेचा उजेड साडेपाचशे वर्षांनी पोचतो. दोघे एका रेषेत दिसले, एवढेच. रामटेकच्या रस्त्यावर उभे राहून पाहिले तर विजेच्या तारेवर बसलेला कावळा गडावरच्या कळसावर बसल्यासारखा दिसतो. त्यावरून कावळ्याला रामाचे दर्शन घडले, असे कोणी म्हणत नाही. आणि त्या मुलीच्या जन्मरात्री ज्येष्ठेचा जो किरण नागपुरावर पडला तो तिथून निघाला तेव्हा दक्षिणेत बहामनी सुलतान राज्य करीत होते. भासऱ्याचे वाईट करण्याची सुपारी घेऊन तो निघाला होता, असे समजायचे काय?

मी मुलाच्या आईची टिंगल करीत नाही. तिची भीती खरी आहे. उद्या थोरल्याला काही झाले तर 'तुम्ही पत्रिका पाहूनही केलेत' असा बोल तिलाच लागणार, आणि तो लावणारे आपणच असणार. म्हणून तिला मी एक मोजणीच सुचवतो. नक्षत्रे सत्तावीस. चंद्र महिन्यात साऱ्यांतून फिरतो. म्हणजे सत्तावीस मुलींत एक मुलगी ज्येष्ठेवर जन्मणारच. आपल्या सोयऱ्याधायऱ्यांत शंभर सुना असतील तर तीन-चार तरी ज्येष्ठेच्या असतील. पत्रिका पेटीत आहेतच. काढा, नावे लिहा, आणि त्यांच्या भासऱ्यांची खुशाली विचारा. मग दुसऱ्या नक्षत्रांवरच्या सुनांच्या भासऱ्यांचीही विचारा. हे काम एका दिवाळीत होण्यासारखे आहे. शेकडो वर्षे मुली नाकारल्या गेल्या, पण ही वही कोणी लिहून ठेवल्याचे मी ऐकले नाही.

आणि 'हे आपल्या परंपरेविरुद्ध आहे' असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच परंपरेचा इतिहास पाहावा. १८६५ साली केरो लक्ष्मण छत्रे यांनी आकाशाशी जुळणारे पंचांग काढले, कारण जुन्या पंचांगातले ग्रह प्रत्यक्ष आकाशात सापडत नव्हते. शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक यांनी याच प्रश्नावर डोके झिजवले. राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यावरून धरावा की चित्रेवरून, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. त्या थोर माणसांचा एक शब्द होता: दृक्प्रत्यय. गणित डोळ्यांना पटले पाहिजे. न पटले तर बदलायचे ते गणित, आकाश नव्हे. २०२४ साली लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावरून देशभर दोन तट पडले होते. तेव्हा 'पंचांगकर्त्यांचेच एकमत नाही, सबब यंदा दिवाळी नाही' असे आमचे वकीलसाहेब म्हणाले नाहीत. त्यांनी दोन्ही दिवशी फराळ केला.

चार शब्द दुसऱ्या बाजूलाही. शास्त्र शिकलेली मंडळी वर्गात पराशय शिकवतात आणि घरी मुलाची पत्रिका गुपचूप दाखवून आणतात. गांधीसागरच्या काठाशी रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून उभे आहे, तिथे तारांगण आहे. मुलांना आपण तिथे सहलीला पाठवतो आणि परत आल्यावर काय विचारतो? 'डबा खाल्ला का?' आणि संपादक महाशय, रागावू नका. दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानांवर वार्षिक राशिभविष्य छापण्याचा रिवाज आपल्याकडे जुना आहे. भविष्य खुशाल छापा. पण त्याखाली गेल्या वर्षीचे भविष्य किती खरे ठरले, याचा शेकडा आकडा छापण्याची हिंमत एकदा तरी करा.

लक्ष्मीपूजनाची रात्र अवसेची असते. फटाक्यांचा धूर आणि रोषणाई टाळून उमरेडच्या बाजूला दहा-वीस कोस गेलात, तर रात्री नऊच्या सुमारास डोक्यावर देवयानीचा धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसेल. पूर्वेला रोहिणी तांबूस डोळा उघडून वर येत असेल. ज्येष्ठा मात्र दिसणार नाही. या दिवसांत ती सूर्यामागोमाग संध्याकाळीच मावळते. जिची एवढी भीती घातली जाते ती ओळखून दाखवा म्हटले, तर पत्रिका पाहणाऱ्यांतले किती जण बोट दाखवू शकतील, कोण जाणे.

त्या मुलीची हकीगत राहिली. कोजागिरीला माझे उत्तर ऐकल्यावर ती थोडा वेळ गप्प होती. आम्ही सारे सदुसष्ट-त्र्याहत्तरवर हसत होतो तेव्हा ती हसली नाही. पातेले घासायला उचलताना तिने दुसरा प्रश्न विचारला: "काकाजी, साडेपाचशे हे मोजले कसे?" त्या गच्चीवर सगळे मिळून वीस-पंचवीस माणसे होती, त्यांत चार पदवीधर, दोन निवृत्त अधिकारी आणि एक वकील. कसे मोजले, हे विचारणारी ती एकटी होती. ज्या घराने तिला नाकारले त्याने काय गमावले, याचा अंदाज मला त्या वेळी आला.

यंदा ती आमच्या गच्चीवर आळीतल्या मुलांना घेऊन पणत्यांचा प्रयोग करणार आहे. सारखे तेल, सारखी वात; एक पणती पाच पावलांवर, एक दहावर, एक पंधरावर. वकीलसाहेबांनाही बोलावणे गेले आहे. टेप त्यांनीच आणावी, असे तिने कळवले आहे.